पावसाविना गळणारं छत

सुरुवातीलाच माफी मागतो. एखाद्या माणसावर लिहायचं म्हणजे लिहिणाऱ्याला काहीतरी अधिकार असावा लागतो, असं मला वाटतं, आणि माझ्याकडे तो नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही. त्यामुळे लिहिलेलं बरोबर की चूक, हे घरी विचारायची सोय नाही. आईला वाचून दाखवलं तर ती "छान हाय" म्हणेल, पण मी पेपरातली टेंडरची जाहिरात वाचली तरी ती तेच म्हणते. शिवाय ज्यांच्यावर लिहायचं ते अप्पा काही मोठी असामी नाहीत. त्यांच्या नावाचा रस्ता नाही, कुठल्या सभेत त्यांचा सत्कार झालेला मी ऐकला नाही. पालमच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची पत्र्याची एक खोली होती. मी लिहिणार आहे ते बरंचसं त्या खोलीच्या छताविषयी आहे. कंटाळा आला तर दोष माझा समजावा, अप्पांचा नाही.

मी पालमच्या कॉलेजात बी.ए. करत होतो तेव्हा या खोलीत अभ्यासाला बसायचो. मोंढ्याच्या मागच्या गल्लीत विटांच्या चार भिंती आणि वर पत्रे, असं ते जुनं गोदाम होतं. अप्पांनी त्यात बाकडी टाकली, ट्यूबलाइट लावल्या आणि दारावर स्वतःच्या हातानं 'अभ्यासिका' असं रंगवलं. अक्षरं दाराच्या मानानं मोठी झाली, म्हणून शेवटचा 'का' चौकटीवर गेला.

अप्पा पन्नाशीचे. कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा-पायजमा. घरचा अडतीचा धंदा थोरले भाऊ अण्णा बघायचे. अप्पांनी लग्न केलं नव्हतं आणि धंद्यातही त्यांचं मन नव्हतं. दहावीत गणित राहिलं, ते राहिलंच. पण शिकणाऱ्या पोरांविषयी त्यांना जी माया होती, तशी मी शिकलेल्या माणसांत फार कमी पाहिली. त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं, "शिकवायचं काम मास्तरचं. माझं काम बसवायचं." आणि खरोखर ते बसवायचे. कुणी दुपारी पिशवी भरायला लागलं की दारात उभे राहून विचारायचे, "कामून? बाकडं टोचायलंय का पुस्तक?"

नव्या पोराचं पुस्तक ते आधी हातात घेऊन तोलायचे. धान्याच्या घरात वाढल्यामुळे त्यांना वजनाचा अंदाज चांगला होता. जाडजूड पुस्तक असलं की समाधानानं मान हलवायचे, "ह्याच्यात जीव हाय." बारीक गाइड असलं तर परत देताना चेहरा असा करायचे, की आपण काहीतरी चोरून आणलंय असं वाटावं. नावानं ते कुणालाच हाक मारत नसत. ज्याला जे व्हायचं असेल तेच त्याचं नाव. खोलीत एक फौजदार होते, दोन तलाठी होते, आणि राणीसावरगावची संगीता ही तहसीलदार बाई होती. माझं काहीच ठरलेलं नव्हतं. मला ते 'उमेदवार' म्हणायचे.

एवढे अधिकारी एका खोलीत असूनही खोली मात्र अप्पांची नव्हती. कागदावर ती अण्णांची होती. अण्णांना हंगामात माल ठेवायला जागा कमी पडायची, आणि भावाच्या या छंदाकडे ते, घरातल्या आजारी माणसाकडे बघावं तसं बघायचे. कधीतरी ते खोली मागणार, हे अप्पांना ठाऊक होतं. म्हणून त्यांचा सगळा जीव खोली भरलेली ठेवण्यात गुंतलेला असायचा. भरलेली खोली रिकामी कर म्हणायला अण्णांची जीभ रेटणार नाही, असा त्यांचा हिशोब होता.

मार्च सरला की ती खोली म्हणजे भट्टी व्हायची. पत्रा तापून वरून आग ओतायचा. पोरं दहा वाजताच पांगायची. त्यातच बसस्टँडसमोर एक एसी अभ्यासिका निघाली आणि आमचे दोन्ही तलाठी तिकडे बदली करून घेते झाले. अप्पांनी कुठूनसं ऐकलं, की पत्र्याखाली फोम लावला की खोली थंड राहते. नांदेडहून माणूस आला. जाड फोमचे रोल, एका बाजूला चंदेरी चकाकणारे. त्यानं पत्र्याखाली लाकडी पट्ट्या ठोकून त्यावर ते शीट बसवले आणि तो निघून गेला. शीट आणि पत्रा यांच्यामध्ये बोटभर पोकळी राहिली होती. पुढचं रामायण त्या पोकळीत घडायचं होतं, पण तेव्हा आम्ही सगळे मान वर करून चंदेरी छतात आपापली तोंडं शोधत होतो.

खोली खरंच थंड झाली. भर मे महिन्यात पोरं संध्याकाळपर्यंत बसायला लागली. एक तलाठीही परत आला. अप्पांचा आनंद मात्र अजून पुरा झाला नव्हता. नागमोडी पत्रा जिथं भिंतीवर टेकतो, तिथं ओळीनं फटी राहतात. धान्याच्या घरातल्या माणसाला फट दिसली की उंदीर दिसतो. अप्पांनी उरलेल्या फोमचे तुकडे कापले, शिडीवर चढले आणि एकेक फट ठासून बुजवली. खाली उतरून हात झटकत म्हणाले, "आता गारवा पळून दाखव म्हणावं."

गारवा पळाला नाही, पण त्याची बातमी पळाली. एके दिवशी अण्णा स्वतः बघायला आले. खोलीत मधोमध उभे राहिले, सदऱ्याची वरची गुंडी सोडली, छताकडे पाहिलं.

"लय थंड केलास की रं," अण्णा म्हणाले.

"पोरं दिसभर बसायलेत," अप्पा अभिमानानं म्हणाले.

"माल सुदिक बसंल," अण्णा म्हणाले. "असलं गोदाम सगळ्या मोंढ्यात न्हाई."

अप्पांचा चेहरा उतरला. खोली तापायची तेव्हा पोरं जायची भीती, आणि थंड झाली तर भाऊ यायची भीती. जाताना अण्णांनी निकाल देऊन टाकला. पुढच्या गुढीपाडव्याला ते येऊन बघणार. बाकडी भरलेली दिसली तर ठीक, नाहीतर खोली धान्याची.

पावसाळा निभावला. पत्र्यातून थेंब आला नाही. मग आमच्याकडची थंडी पडली. परभणीकडची थंडी ज्यांनी अंगावर घेतली नाही त्यांना ती सांगून कळणार नाही. पहाटे बोटं पानं उलटत नाहीत. आम्ही शाली गुंडाळून यायचो, आत येताच दार लावून घ्यायचो. अप्पांना आमची दया यायची. त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात शेगडी मांडली आणि तिच्यावर चहाचं मोठं पातेलं ठेवलं. ते सकाळभर रटरटत असायचं. "पोटात ऊब आसली की डोक्यात शिरतंय," असं त्यांचं शास्त्र होतं.

आणि एका सकाळी छत गळायला लागलं.

आधी टपकन एक थेंब फौजदाराच्या मानेवर पडला. तो ओरडून उठला. मग ठिकठिकाणी थेंब. अप्पा बाहेर धावले. आभाळ निळंभोर, ढगाचा पत्ता नाही. आत येऊन छताकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, "पाऊस न्हाई, पाणी न्हाई, आन् गळायलंय कसं?"

खोलीत विद्वानांची कमतरता नव्हती. सिव्हिलचा डिप्लोमा झालेला एक जण म्हणाला, पत्र्याचा उतार चुकलाय, पावसाळ्याचं पाणी वर साठून राहिलंय. बी.एस्सी.वाल्यानं खिळ्यांच्या भोकांवर संशय घेतला. फौजदाराचा संशय मांजरीवर होता. अप्पांनी सगळ्यांचं ऐकलं. डांबर आणलं, वर चढले, प्रत्येक खिळा डांबरानं माखला. दुसऱ्या दिवशी थेंब जास्त. पुन्हा डांबर. शेवटी पत्र्यावर पत्र्यापेक्षा डांबर जास्त झालं, मांजर वर जाईनाशी झाली, आणि थेंब होते तसेच राहिले.

खरी गोष्ट अशी, की आमच्यापैकी प्रत्येकाला उत्तर पाठ होतं. स्पर्धा परीक्षेच्या प्रत्येक पुस्तकात ते आहे. संगीता एका सकाळी ते पुटपुटत होती. हवा ज्या तापमानाला बाष्पानं संपृक्त होते त्या तापमानास दवबिंदू म्हणतात. 'दवबिंदू' या शब्दावर वरून थेंब पडला. तिनं ओढणीनं पान पुसलं आणि पुढचा प्रश्न घेतला. पुस्तकातला दवबिंदू परीक्षेला येतो, छतावरून येत नाही, असाच आम्हा सगळ्यांचा समज होता.

पोरं डोक्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून वाचायला लागली. फौजदार हेल्मेट घालून बसायचा. रस्त्यानं जाणारे दारातून डोकावून हसायचे. तलाठी दुसऱ्यांदा बदलून गेला. महिनाभरात निम्मी बाकडी मोकळी झाली. अप्पा कुणाला अडवत नव्हते. फक्त जाणाऱ्याची पिशवी हातात घेऊन दारापर्यंत पोचवायचे, ते बघवत नसे.

संक्रांतीला सगळे गावी गेले. अप्पा एकटेच खोलीत जाऊन बसले. हे त्यांनीच नंतर सांगितलं. तीन सकाळी कडाक्याची थंडी होती, आणि तीन सकाळी थेंब पडला नाही. अप्पांना वाटलं, डांबरानं काम केलं. आनंदानं त्यांनी देवाला नारळ फोडला. चौथ्या दिवशी आम्ही तिळगूळ घेऊन परत आलो, दार लावलं, पातेलं चढलं, वाचन सुरू झालं. घटकाभरात टप टप टप.

अप्पा खोलीच्या मध्ये उभे होते. त्यांनी छताकडे पाहिलं. मग आमच्याकडे. थंडीनं प्रत्येकाच्या तोंडातून वाफ निघत होती. मग कोपऱ्यातल्या पातेल्याकडे. एकदम कपाळावर हात मारला.

"आरं, छत न्हाई," ते ओरडले, "तुमी गळायलाव!"

आम्हाला हसू आलं. पण तसंच होतं. फोममुळे खोलीतली ऊब पत्र्यापर्यंत जात नव्हती, त्यामुळे पत्रा आधीपेक्षाही गार पडायचा. आमच्या श्वासाची आणि चहाची वाफ मात्र शीटांच्या सांध्यांतून वरच्या पोकळीत जायची, गार पत्र्याला लागून तिचं पाणी व्हायचं, आणि ते त्याच सांध्यांतून आमच्या डोक्यावर यायचं. बाहेर जायला तिला वाट नव्हती, कारण प्रत्येक फट अप्पांनी स्वतःच्या हातानं बुजवली होती.

त्याच दुपारी ते शिडी घेऊन आले. ज्या प्रेमानं तुकडे ठासले होते त्याच प्रेमानं एकेक उपसून काढला. समोरासमोरच्या भिंतींत वरच्या बाजूला विटा काढून झरोके पाडले. शीटांचे सांधे चंदेरी पट्टीनं नीट चिकटवले, वाफ पोकळीत जाऊ नये म्हणून. शेगडी दाराबाहेर गेली. खोलीत मोंढ्याचा गलका यायला लागला, थोडी धूळ, थोडा गारठा. पण छत कोरडं झालं. अप्पा रोज सकाळी काठीला फडकं बांधून ते छताला लावायचे आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात द्यायचे. "बग. कोरडं हाय का न्हाई?" आम्ही "हाय" म्हटल्याशिवाय आत सोडत नसत.

गेलेली पोरं मात्र लगेच आली नाहीत. एसीची सवय वाईट. आणि पाडवा जवळ आला.

पाडव्याच्या सकाळी मी खोलीत गेलो तर एकही बाकडं मोकळं नव्हतं. क्षणभर मी चुकून दुसरीकडे आलो असं वाटलं. मग ओळख पटत गेली. मोंढ्यातले सगळे हमाल अंघोळ करून, केस चापून बसले होते. प्रत्येकापुढे पुस्तक. मारोती हमालाला अप्पांनी स्वतःचा चष्मा दिला होता, तो त्याच्या नाकावरून सारखा घसरत होता. संगीता बाकड्यांमधून फिरून उलटी पुस्तकं सुलटी करत होती.

अण्णा आले. नवा सदरा, कपाळावर ताजी विभूती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत गेले. खोलीत अशी शांतता त्याआधी कधी नव्हती. अण्णा मारोतीपुढे थांबले.

"काय वाचायलास रं, मारोती?"

मारोतीनं चष्मा वर केला. "राज्यघटना, मालक."

"काय लिवलंय तिच्यात?"

मारोतीनं संगीताकडे पाहिलं. तिनं ओठ हलवले, तसं तो म्हणाला, "समदे माणसं सारखे हायेत म्हणं."

"आसं?" अण्णा म्हणाले. "मंग दुकानातली पोती कुणी उचलायची?"

मारोतीनं पुस्तकाचं पान उलटलं. मग म्हणाला, "ते पुढल्या धड्यात आसंल, मालक."

अण्णा हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच पाहिलं. अप्पा दारात अंग चोरून उभे होते. त्यांच्या खांद्यावर हात ठेवून अण्णा म्हणाले, "सोयाबीन निघंस्तोर राहू दे." दोन पावलं पुढे जाऊन पुन्हा वळले. "आन् ह्या विद्यार्थ्यांना दुकानात लावून दे. गाडी यिऊन उभी हाय."

हे जिंकणं म्हणायचं की हरणं, ते मला ठरवता आलं नाही. अप्पांनी मात्र त्या दिवशी सगळ्या हमालांना श्रीखंड खाऊ घातलं, आणि मारोतीला विचारलं, "तुला काय व्हायचंय रं?" त्या दिवसापासून मारोतीला ते 'वकीलसाहेब' म्हणायला लागले.

उन्हाळ्यात माझं बी.ए. झालं आणि एम.ए.साठी मी परभणीला आलो. निघायच्या दिवशी अप्पांना भेटायला खोलीवर गेलो. ते शिडीवर होते. झरोक्यांतून चिमण्या आत येऊन फोम उकरत होत्या, म्हणून ते तारेची जाळी ठोकत होते. डोकं आणि दोन्ही हात झरोक्याच्या आत, खाली नुसते पाय. मी खालून सांगितलं, "अप्पा, जातो." आतून घुमल्यासारखा आवाज आला, "कोण? उमेदवार? थांब, एवढा खिळा हुंदे." बस सुटायची वेळ झाली होती. खिळा काही होईना. मी शिडीशी वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि निघालो. तोंड काही दिसलं नाही.

दसऱ्यानंतर खोली गेली, एवढं मला गावाकडून कळलं होतं. बाकीचं मागच्या आठवड्यात संगीतानं फोनवर सांगितलं.

अण्णांनी नवं सोयाबीन खोलीत भरलं. भरायच्या आधी उंदरांच्या भीतीनं झरोके विटांनी आणि पत्र्याखालच्या फटी मातीनं बुजवल्या. अप्पा आडवे आले. "अण्णा, माल वला हाय, त्येला बी वाफ आसती," म्हणाले. अण्णा म्हणाले, "सोयाबीन काय चहा पेत न्हाई." अण्णांचा सगळा जन्म शेतकऱ्याच्या मालात ओल शोधण्यात गेलेला. मूठभर दाणे दातांखाली धरून ते ओल सांगायचे आणि भाव पाडायचे. पुढं थंडी सुरू झाली. दिवाळीनंतर माल तेलाच्या कारखान्यावर गेला. तिथल्या माणसानं ओल मोजायचं यंत्र लावलं, वरच्या थरातली काळी बुरशी दाखवली आणि गाड्या परत पाठवल्या. अण्णा गाडीसोबत गेले होते. घरी आले. किल्ली अप्पांपुढे टाकली आणि म्हणाले, "तुझं छत तूच सांभाळ."

अप्पांनी झरोके आणि फटी उघडल्या. आठ दिवस दार सताड उघडं ठेवून खोली वाळवली. बाकडी धुतली, पुन्हा मांडली. पण तोपर्यंत राहिलेली पोरंही एसीत गेली होती, संगीतासुद्धा. पहिल्या दिवशी कुणीच आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी अप्पांच्या खोलीवर गेली.

"बसले होते खुर्ची टाकून," संगीता म्हणाली. "मला बघून उठले. म्हणाले, या तहसीलदार बाई. एकट्याच आलाव ते बेस झालं. एका माणसाच्या वाफंनं छत काय गळत न्हाई."

मला हसू आलं. "आणि छताकडं बघत बसले असतील दिवसभर," मी म्हणालो.

"न्हाई," ती म्हणाली. "दाराकडं."